खांदेकरी

आम्ही सांगलीचे. पूर आम्हाला नवा नाही. कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढताना बघतच मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे वादळानंतर चेन्नईत आमच्या मुल्लै नगरात पाणी शिरलं तेव्हा मी काही हबकले नाही. पाण्याला काय, वाट मिळाली की ते शिरतं, त्याच्यावर रागावून काय करणार. मला किळस आली ती माणसांची. अजून येते, आणि कुणी विषय काढला की माझं तोंड सुटतं. आता तुम्ही काढलाच आहे तर ऐका.

मी इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघते. राहते शहराच्या दक्षिण टोकाला, वरच्या मजल्यावर, भाड्यानं. खाली घरमालक, नारायणस्वामी आणि सीतालक्ष्मी. तंजावरकडचे मराठी, कितीतरी पिढ्या तिकडेच गेलेल्या. गल्ली त्यांना रायर, म्हणजे राव, म्हणायची, मी मामा-मामी म्हणायचे. त्यांची मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी, वर तमिळचा हेल. मी पहिल्या दिवशी "चहा टाकते" म्हटलं तर मामी घाबरल्या. म्हणाल्या, "टाकूं नकों गे, साखर महाग आहे, पिऊन टाक." मग खुदुखुदु हसल्या. त्या दिवसापासून माझं रात्रीचं जेवण खालीच असायचं.

वादळाच्या रात्री त्यांच्या घरात पाणी आलं म्हणून दोघांना मी वर आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामींच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर बाई म्हणाली, गल्लीच्या तोंडापर्यंत या. गल्लीत माझ्या छातीएवढं पाणी होतं. मी तिला तेच सांगत होते, आणि मागे मामी गेल्या. माझ्या हॉलमध्ये, माझ्या दिवाणावर, मामांचा हात धरून.

आता चेन्नईतली रीत सांगते. इथे माणूस गेलं की तासाभरात फ्रीझर बॉक्स येतो. काचेची लांब पेटी, भिंतीतल्या सॉकेटला वायर लावली की आत थंडगार. परगावचे नातेवाईक पोचेपर्यंत माणूस त्यात ठेवतात. पण वीज नाही तर पेटी कसली आणि थंड कसलं. बर्फसुद्धा कुठे मिळेना. त्यांचा मुलगा वेंकट कॅनडात, आणि इथला विमानतळ पाण्याखाली. मामांनी त्याला फोनवर एवढंच सांगितलं, "तूं येऊन पोंचेस्तवर ती राहावयाची नाही रे. मीच करतों."

तेव्हा आमच्यापुढे काम एकच होतं. मामींना त्या दिवशी नीट पोचवायचं. मसणवटा पुलापलीकडे, फार लांब नाही. पण गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत न्यायचं कसं, आणि तो रस्ता तरी कुठे शिल्लक होता.

मामा आयुष्यभर सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. त्यांनी चष्मा पुसला, माझा फोन घेतला आणि आपत्ती कंट्रोल रूमला शुद्ध तमिळमध्ये सगळं सांगितलं. नाव, गल्ली, जवळची खूण, मयताचं वय. पलीकडून उत्तर आलं, शववाहिनी आणि बोट दोन्ही निघाल्या आहेत, तासाभरात पोचतील. मामांनी फोन ठेवला, धुतलेलं वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलं, कपाळाला गोपीचंदन लावलं आणि ते खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले.

"निघाल्या म्हणून सांगितलेत," ते म्हणाले. "येतील."

दुपारी बोट आली, पण ती सरकारची नव्हती. काशिमेडू बंदरातले कोळी आपली फायबरची बोट ट्रकवर घालून आले होते. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. रंगा नावाचा त्यांचा म्होरक्या आमच्या जिन्याखाली बोट लावून वर ओरडला, कुणाला न्यायचंय का? मी धावत गॅलरीत गेले, म्हटलं मयत आहे, मसणवट्यात न्यायचंय. त्यानं डोक्याचं फडकं काढलं आणि म्हणाला, आणा ताई, आईच आहे आमची.

मी आत वळले तर मामा हात आडवा धरून उभे.

"नको," ते म्हणाले. "सरकारची गाडी निघालेली आहे. इकडून आपण गेलों, तिकडून ते आले, तर खोटें पडेल. समोरचा तो अर्धांगाचा मनुष्य आहे, बाळंत होणारी ती पोर आहे, त्यांस घेऊन जाऊं द्या. जिवंतांस आधीं."

"मामा, अहो ते येणार नाहीत."

"म्हटलेत नव्हे? ऑफिसांत बसून म्हटलेलें आहे ते. येतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बायको त्यांची होती. मी काय बोलणार? रंगानं समोरच्या म्हाताऱ्याला नेलं, पोटुशी पोर नेली, आणखी चार घरं रिकामी केली आणि पुढच्या वस्तीकडे गेला. दुसरा कुणीही माणूस त्या बोटीत बसला असता. सरकारचा शब्द खरा धरून ती बोट परत पाठवावी, हे फक्त सरकारी कचेरीत जन्म घालवलेल्या माणसालाच सुचेल. मामांना वाटत होतं की फोनच्या त्या टोकाला त्यांच्यासारखाच कुणीतरी बसलाय, बोललेलं वहीत लिहून घेणारा आणि संध्याकाळी तपासणारा.

कुणी आलं नाही. रात्र कशी गेली ते मी सांगत नाही. मी उदबत्त्या लावत राहिले, कापूर जाळत राहिले, आणि मामा मामींच्या पायांशी बसून वारा घालत राहिले. त्यांनी पुन्हा फोन केला नाही. एकदा सांगितलेलं पुरे असतं, असं त्यांचं मत.

सकाळी मोटारींची घरघर ऐकू आली. मला वाटलं, चला, पाणी उपसायला लागले. खाली डोकावले तर पाणी चढत होतं. रात्री जिन्याच्या ज्या पायरीपर्यंत उतरलं होतं तिच्या वर. आणि असलं पाणी की विचारू नका. काळं, डिझेलचा तवंग आलेलं, त्यात गटारातलं सगळं तरंगत होतं. मी साडी सोडून माझी जुनी ट्रॅकपँट घातली आणि त्यात उतरले.

मुख्य रस्त्यावर गेले तर मला आधी खरंच वाटेना. रस्ता कोरडा होता. झाडून काढलेला, कडेला ब्लीचिंग पावडरची पांढरी रांगोळी. रस्त्याच्या एका बाजूला ट्रॅक्टरवर बसवलेले पंप ओळीनं उभे, आणि त्यांच्या मांडीएवढ्या जाड नळ्या खाली आमच्या गल्ल्यांत सोडलेल्या. रस्त्यावरचं सगळं पाणी आमच्या घरांत. पांढरा शर्ट घातलेला एक इंजिनिअर छत्रीखाली उभा होता. खिशावरच्या बिल्ल्यावर विजयेंद्रन असं नाव. मी त्याला माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, हे पाणी आमच्यावर का सोडताय?

"तात्पुरतं आहे मॅडम," तो म्हणाला. "मंत्री फुटलेल्या तळ्याची पाहणी करायला येतायत. ते गेले की नळ्या उलट्या फिरवू."

"माझ्या घरात मयत आहे. कालपासून. गाडी पाठवतो म्हणाले होते."

त्यानं मान हलवली, फार वाईट वाटल्यासारखी. त्याच्या मागेच एक ॲम्ब्युलन्स उभी होती. नवी कोरी, इंजिन चालू, आत एसी, ड्रायव्हर सीट मागे पाडून मोबाइल बघत बसलेला.

"ही द्या ना मग. पुलापर्यंतच जायचंय."

"ती ताफ्यातली आहे मॅडम. ताफ्यातली गाडी हलवता येत नाही. मंत्र्यांना काही झालं तर?"

मंत्र्यांना काही झालं तर.  तो वाईट माणूस नव्हता हो, हेच तर ओकारी आणणारं आहे. त्यानं मला पाण्याची बाटली दिली. छत्रीत घेतलं. आणि त्याच्या पायाशी ती नळी आमच्या गल्लीत भडाभडा ओकत होती.

मी परत गेले आणि जिन्यावर उभी राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. गच्च्यांवर बसलेली माणसं एकदम उठली. दोन दिवस ओल्या पावावर काढलेले लोक होते ते. समोरची कृष्णवेणी, कोपऱ्यावर हातगाडीवर इस्त्री करणारी, तिनं तिच्या गच्चीवरूनच मंत्र्याचे सगळे पूर्वज काढले. मग म्हणाली, मामींना रस्त्यावर आणून ठेवा. ताफा जाऊ द्यायचा नाही. सगळे म्हणाले, बरोबर, रस्त्यावर ठेवा. इथे असं करतात, मयत रस्त्यात ठेवून रस्ता अडवतात, आणि मलाही तेच हवं होतं.

पण विचारायला तर मामांनाच हवं. मी वर गेले. त्यांनी गॅलरीतून सगळं ऐकलं होतं.

"पंपानें आमच्यावर सोडताहेत?" त्यांनी विचारलं.

"हो मामा."

"आणि गाडी तिथें उभी आहे?"

"एसी लावून."

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग मामींच्या कपाळावरचा केस त्यांनी मागे सारला. "काल तो कोळी आला तेव्हां मीच नको म्हटलें," ते म्हणाले. "तिला एवढें राहावें लागलें तें माझ्यामुळें." मी काही बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला. "रस्त्यांत ठेवणें नको हेमा. ती कधीं कुणाच्या वाटेंत बसली नाही. तिची यात्रा काढूं. रस्ता कोरडा आहे म्हणतेस ना? मग चालत नेऊं. उचला."

तिरडीला बांबू नव्हते. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनची ॲल्युमिनियमची शिडी आणली, तिच्यावर माझ्या स्वयंपाकघरातली फळी बांधली. मामींना त्यांचं नऊवारी जरीचं लुगडं नेसवलं, हळदकुंकू लावलं. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई, सवाष्ण, तिला असंच पाठवायचं असतं. अग्नीसाठी मडकं नव्हतं म्हणून गच्चीवरची तुळशीची रिकामी कुंडी घेतली. कृष्णवेणीनं तिच्या इस्त्रीतले निखारे त्यात घातले. तीन खांदे पुरुषांचे होते, एक कृष्णवेणीचा नवरा आणि दोन शेजारी. चौथा मी दिला. कुणीतरी म्हणालं, बायका खांदा देत नाहीत. मामा म्हणाले, "ती तिची लेक." एवढंच. मी रडले नव्हते तोपर्यंत.

मामा पुढे, कुंडी डोक्याएवढी उंच धरून, छातीपर्यंत त्या घाणीत. आम्ही मागे, शिडी खांद्याच्याही वर धरलेली. गच्चीगच्चीवरून माणसं उतरून मागे यायला लागली. पाण्यात खाली काय पायाला लागत होतं देव जाणे. मामींच्या साडीचा काठसुद्धा आम्ही भिजू दिला नाही.

गल्लीतून रस्त्यावर चढलो आणि डावीकडून सायरन वाजला. ताफा आला होता. पोलीस धावत आले. इन्स्पेक्टर मामांना म्हणाला, "अय्या, दहा मिनिटं परत गल्लीत थांबा. साहेब जाऊ देत." गल्लीत म्हणजे पाण्यात. मामा आयुष्यभर रांगेत थांबलेले, काल दिवसभर खिडकीपाशी थांबलेले. त्यांनी इन्स्पेक्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पुलाच्या दिशेला वळले आणि चालू लागले.

आणि मग मजा बघा. ताफ्याला आम्हाला ओलांडून जायला जागाच नव्हती. एका बाजूला त्यांचेच पंप आणि नळ्या, दुसऱ्या बाजूला रस्ता संपला की त्यांनीच भरलेली गल्ली. मागे वळायचं तर तिथे आमची माणसं. मंत्र्यांच्या गाड्या, पोलिसांच्या गाड्या, ती थंडगार ॲम्ब्युलन्स, सगळं आमच्या सीतालक्ष्मीमामींच्या मागे पायापायानं यायला लागलं. सायरन बंद केला. प्रत्येक गल्लीच्या तोंडातून ओली माणसं बाहेर येत होती आणि गाड्यांच्या दोन्ही बाजूंनी चालत होती. काचांवर थापा मारत होती. कुठे होतात? दूध कुठाय? पाणी आमच्या घरात कुणी सोडलं? एक म्हातारी रिकामी घागर गाडीच्या बॉनेटवर आपटत चालली होती, धड, धड, धड. आत काळ्या काचेमागे काही दिसत नव्हतं.

पूल दिसायला लागला तिथे चॅनेलवाले उभे होते. कॅमेरे बघितल्याबरोबर मधल्या गाडीचं दार उघडलं. मंत्री उतरले. पांढरंशुभ्र वेष्टी, हात जोडलेले, चेहरा पडलेला, जसा पाडायचा असतो तसा. भोवती दहा माणसं. ती सरळ आमच्याकडे आली, आणि एकानं माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं. "मॅडम, जरा सरका." मला कळेपर्यंत शिडीच्या माझ्या कोपऱ्याखाली मंत्र्यांचा खांदा गेला होता. नीट टेकलासुद्धा नाही, हातानं नुसतं वर धरलेलं. कॅमेरे चमकले. पाच-सात पावलं झाली असतील नसतील. मग त्यांनी हात काढला, रुमालानं खांदा पुसला आणि गाडीकडे वळले. मी बघितलं, खांदा पुसला. शिडी त्या कोपऱ्यात कलली, मामींची मान एका बाजूला झाली, आणि मी धडपडत खाली घुसून ती सावरली. मामा पुढे होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, प्रेताच्या पुढे चालणाऱ्यानं पाहायचं नसतं.

मसणवट्यातल्या शेडमध्ये ओल्या लाकडांवर तूप ओतून ओतून आम्ही मामींना अग्नी दिला. तेवढं एक नीट झालं.

परत आलो तर रस्त्यावर पंप नव्हते. नळ्या उलट्या फिरवायच्या होत्या ना? नळ्या गुंडाळून नेल्या होत्या, मंत्र्यांची पुढची पाहणी दुसरीकडे होती. आमच्या गल्लीतलं पाणी जिथल्या तिथे. विजयेंद्रनची छत्रीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी कृष्णवेणीच्या नवऱ्यानं मोबाइल आणून दाखवला. बातमीत मंत्री मामींना खांदा देताना. खाली ओळ: पूरग्रस्त वृद्धेला मंत्र्यांनी दिला खांदा. एका चॅनेलवर तर निवेदिकेचा गळा दाटून आला होता. मी फोन भिंतीवर फेकणार होते, पण तो माझा नव्हता. मला वाटलं मामांना दाखवू नये. पण ते मागे येऊन उभेच होते.

"खांदा दिला म्हणून घातलेत काय?" त्यांनी विचारलं.

"पाच पावलं मामा. मला ढकलून."

"पावलें मोजावयाचीं नसतात," ते म्हणाले. "दिला तो दिला. मग त्यांस तेराव्यास पान वाढलें पाहिजे. खांदेकऱ्यास जेवूं घातल्यावाचून आमच्यांत कार्य पुरें होत नाही."

मला वाटलं दुःखानं डोकं फिरलंय. पण मामा दुसऱ्याच दिवशी सकाळी मंत्र्यांच्या बंगल्यावर गेले आणि फाटकावरच्या शिपायाला निमंत्रण देऊन आले. हसला म्हणे तो.

तेराव्यालाही आमच्या गल्लीत अजून गुडघाभर पाणी होतं. आता ते हिरवं झालं होतं, आणि वासानं पोरं जेवताना ओकत. मी वर चुलीवर सगळा स्वयंपाक केला. भात, सांबार, वडे, पायसम, आणि मामी करायच्या तशी डांगर पचडी, दह्यात उडदाचं पीठ कालवलेली. गल्लीतल्या खांदेकऱ्यांची पानं माझ्याच हॉलमध्ये वाढली. माझंही. मामा जेवले नाहीत. एक खांदेकरी राहिलाय म्हणाले. मग त्यांनी डबा भरायला सांगितला, केळीचं एक पान गुंडाळून घेतलं, आणि जिन्यावरून खाली वाकून गल्लीतलं पाणी एका बाटलीत भरून घेतलं.

आम्ही बसनं मंत्र्यांच्या बंगल्यावर गेलो. कोण कोण येणार ते ठरलं नव्हतं, पण बस भरली आणि मागून दुसरी आली. फाटकासमोर मामा डांबरावर मांडी घालून बसले. पान पसरलं. पानाच्या डाव्या टोकाला चिमूटभर मीठ, मग पचडी, वडा, भात, वर तूप, सगळं रीतीप्रमाणे. शेवटी पानाच्या उजव्या हाताला पेला ठेवून त्यात बाटलीतलं पाणी ओतलं. वास एवढा सुटला की शिपायानं नाकाला रुमाल लावला.

"हे कसलं पाणी, अय्या?"

"आमच्याकडे हेच आहे," मामा तमिळमध्ये म्हणाले. "तुमच्याच साहेबांनी धाडलेलं."

"साहेब बाहेर येणार नाहीत. उचला हे."

"ते माझ्या बायकोचे खांदेकरी आहेत. ते जेवल्याशिवाय तिचं पुरं होत नाही. सावकाश येऊ देत." मामांनी पानावरची माशी हातानं हाकलली आणि हात जोडून बसले. मागे कृष्णवेणी बसली, तिचा नवरा बसला, मी बसले, मग सगळी गल्ली रस्ताभर बसली.